दरड कोसळण्याआधीची बातमी
मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

संपादकहो,



30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यात नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकाला माळीण गाव जागेवर दिसले नाही. त्याने ते कळवले, तेव्हा बाहेरच्या जगाला समजले की दीडशेहून अधिक माणसे चिखलाखाली गेली आहेत. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातले तळीये गेले आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगावही गाडली गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीतल्या ठाकर कुटुंबांवर डोंगर आला. माळीणला बरोबर दहा वर्षे झाली त्याच तारखेला, 30 जुलै 2024 च्या पहाटे, केरळात वायनाडमधली मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे वाहून गेली. तिथे अडीचशेहून अधिक माणसे मेली.

यातल्या प्रत्येक ठिकाणी तुमचे बातमीदार पोचले. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, तरी ते भर पावसात डोंगर चढून वर गेले. त्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मला बोलायचे आहे ते वर्षाच्या उरलेल्या दिवसांबद्दल, आणि ते स्पष्टच बोलतो. सह्याद्रीबद्दल शास्त्रज्ञांनी जे लिहून ठेवले, ते या डोंगरात राहणाऱ्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत कधी पोचलेच नाही. त्याच्यापर्यंत पोचले ते त्यावरचे भांडण, आणि ते पोचवण्यात तुमचा वाटा मोठा आहे.

मार्च 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट तज्ज्ञ गट नेमला. जयराम रमेश तेव्हा मंत्री होते. गटाने गुजरातपासून तामिळनाडूपर्यंतच्या सहा राज्यांत फिरून, लोकांना भेटून, सुमारे 9 किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत सगळा घाट मांडला. उंची, उतार, जंगल, वन्यजीव अशा निकषांवर प्रत्येक चौकटीला गुण दिले आणि तीन पातळ्यांचे संवेदनशील विभाग सुचवले. 31 ऑगस्ट 2011 ला अहवाल सादर झाला. तोवर मंत्री बदलले होते. मंत्रालयाने अहवाल दडपून ठेवला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला, तरी दिला नाही. माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल 2012 मध्ये तो खुला करा असा आदेश दिला, तर मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिथेही हरले, तेव्हा मे 2012 च्या अखेरीस अहवाल लोकांसमोर आला.

जवळजवळ नऊ महिने. एवढ्या काळात काय काय होऊ शकते, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. कागद कोणी पाहिलेला नसला की त्यात काय आहे हे सांगायला ज्याचा आवाज मोठा तो मोकळा असतो. खाणवाले, दगडवाले, जमिनींचे व्यवहार करणारे आणि त्यांच्या जिवावर निवडणुका लढवणारे या सगळ्यांना मिळून नऊ महिने मोकळे मैदान मिळाले. अहवाल बाहेर येईपर्यंत त्याचे नाव बदनाम होऊन चुकले होते.

त्यातून गावात काय झाले ते मी जवळून पाहिले आहे. 2013 च्या हिवाळ्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावची ग्रामसभा भरली होती. देवळाच्या सभामंडपात पन्नास-साठ माणसे, विषय एकच. संवेदनशील गावांच्या यादीत आपले नाव आले आहे असे कोणीतरी तालुक्याहून ऐकून आले होते. एकजण म्हणाला, आता घराला पडवीसुद्धा वाढवता येणार नाही. दुसऱ्याने सांगितले, लाकूडफाटा आणायला गेलात तर गुन्हा दाखल होईल. तिसरा म्हणाला, सातबाऱ्यावर शेरा पडेल, बँक कर्ज देणार नाही, पुढेमागे गावच उठवतील. एका तरुणाच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. त्यात एका पुढाऱ्याचे वाक्य मथळ्याला होते, खाली दुसऱ्या पुढाऱ्याचे उत्तर होते, आणि अहवालात नेमके काय आहे यावर एक ओळही नव्हती. अहवाल तिथे कोणाकडेच नव्हता. असता तरी तो इंग्रजीत, काही शे पानांचा.

कोपऱ्यात बसलेल्या एका बाईंनी मध्येच विचारले, "मग आमच्या वाडीच्या वरच्या चिरेखाणीचं काय? ती बंद होणार काय नाय?" कोणी उत्तर दिले नाही. थोड्याच वेळात विरोधाचा ठराव झाला, सह्या झाल्या आणि सभा उठली.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध होते. गाडगीळ गटाने सर्वांत संवेदनशील विभागात खाणींना नवे परवाने नकोत असे म्हटले होते. त्यानंतर त्याच विषयावर केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने तर आपण सुचवलेल्या क्षेत्रात खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपसा पूर्ण बंद करायला सांगितले होते. घरावर पडवी वाढवायला बंदी या दोन्हींपैकी एकाही अहवालात नव्हती. गाव उठवा असेही कुठे नव्हते. ज्या बाईंना अहवालाचा फायदा होणार होता, त्यांच्याच गावाने त्याच्या विरोधात ठराव केला. माझ्या लेखी त्या संध्याकाळचे अपयश गावकऱ्यांचे नव्हते. ज्यांच्या हातात छापखाना आणि कॅमेरा होता, त्यांनी त्या सभेच्या आधी सहा महिने काय केले, हा माझा प्रश्न आहे.

मुळात गाडगीळ गटाची सगळी भिस्त ग्रामसभेवर होती. विभाग कुठे असावेत, कुठे काय चालावे, हे दिल्लीतून लादू नका. आमचा नकाशा पहिला मसुदा समजा, अहवाल स्थानिक भाषांत द्या, ग्रामसभांत चर्चा होऊ द्या आणि मग ठरवा, असे त्यांचे म्हणणे होते. सिंधुदुर्गातल्या 25 गावांनी तर आमचा परिसर संवेदनशील म्हणून जाहीर करा असे ठराव आधीच केले होते आणि त्याची नोंद अहवालात आहे. सावंतवाडी-दोडामार्गच्या त्या पट्ट्यात लोकांना खाणी नको होत्या. किती वाहिन्यांनी त्या गावांत जाऊन चर्चा घडवली? राज्य सरकारने संकेतस्थळावर ठेवलेला मराठी सारांश विपर्यस्त आहे, अशी तक्रार गाडगीळांनी जाहीरपणे केली. मूळ इंग्रजी मजकूर आणि तो सारांश शेजारी ठेवून तपासणे हे कोणत्याही दैनिकाला एका दिवसात जमण्यासारखे काम होते. असे पान छापलेले मी तरी पाहिले नाही.

कस्तुरीरंगन समितीचा अहवाल त्या ग्रामसभेच्या आधीच, एप्रिल 2013 मध्ये, आला होता आणि त्याची जी चर्चा तुम्ही चालवली ती मला आजही अस्वस्थ करते. गाडगीळ कडक, कस्तुरीरंगन सौम्य. गाडगीळांनी सगळा घाट धरला, कस्तुरीरंगन यांनी 37 टक्के. एवढ्यावर विषय संपला. खरा मतभेद टक्क्यांत नव्हताच. कस्तुरीरंगन समितीने उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचे नैसर्गिक आणि मानवी वापराखालचे असे दोन भाग केले आणि मुख्यतः पहिला भाग जपायला सांगितला. गाडगीळांची पद्धत माणसाला घाटाच्या आत धरणारी होती. देवराया, शेते, ओढे, वाड्या यांना ती जंगलापासून तोडत नव्हती. मे 2013 मध्ये गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना खुले पत्र लिहिले, आणि आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना स्थान नाही ही तुमची भूमिका मला मान्य नाही, असा त्यातला मुख्य मुद्दा होता. डोंगराचे काय करायचे हे ठरवणार कोण, असा तो लोकशाहीचा वाद होता. दोन थोर शास्त्रज्ञ तो जाहीरपणे, सभ्यपणे, कारणे देऊन घालत होते. मराठी वाचकाला त्या वादात खेचून घेण्याची संधी होती. शाळेतली मुलेसुद्धा समजू शकली असती, इतका तो स्पष्ट होता. तुम्ही त्याचा दोन टोकांमधला सामना केलात.

केरळात याची किंमत उघडपणे मोजावी लागली. नोव्हेंबर 2013 मध्ये थामरश्शेरीला वनखात्याच्या कचेरीची जाळपोळ झाली, हरताळ झाले, चर्चमधून विरोध झाला. इडुक्कीचे काँग्रेस खासदार पी. टी. थॉमस हे गाडगीळ अहवालाच्या बाजूने ठामपणे बोलणारे जवळजवळ एकटे लोकप्रतिनिधी. त्यांची जिवंतपणी प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली गेली आणि 2014 ला पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही. तिथल्या प्रत्येक पुढाऱ्याने यातून काय धडा घेतला असेल ते सांगायला नको. महाराष्ट्रात जाळपोळ झाली नाही. इथे विषय शांतपणे बासनात गेला. मार्च 2014 ते जुलै 2024 या दहा वर्षांत केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले. सहावा मसुदा 56,825 चौरस किलोमीटरचा, त्यात महाराष्ट्राचे 17,340. तो निघाला 31 जुलै 2024 ला. वायनाडचे मृतदेह तेव्हा चिखलातून काढले जात होते.

त्याच दिवशी राज्यसभेत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी केरळ सरकारला 23 जुलैपासून पूर्वसूचना दिल्या होत्या असे सांगितले. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी ते नाकारले. मग तुमच्या पडद्यावर तो वाद चालला: सूचना कोणी दिली, कोणी घेतली नाही, इशारा नारिंगी होता की लाल. त्या गोंधळात एक साधी आणि फार महत्त्वाची बातमी कडेला गेली. वायनाडमधल्या कल्पेट्टा इथे ह्यूम सेंटर नावाची छोटी संस्था आहे. त्यांनी जिल्हाभर दोनशेच्या आसपास ठिकाणी पर्जन्यमापके बसवली आहेत आणि स्थानिक लोक रोज त्यांतले आकडे कळवतात. 28 जुलैला मुंडक्कईच्या बाजूला पडलेला पाऊस पाहून त्यांनी 29 तारखेच्या सकाळी जिल्हा प्रशासनाला दरडीचा धोका कळवला होता. दिल्लीला किंवा तिरुवनंतपुरमला जे दिसले नाही ते एका पत्र्याच्या नळकांड्यात साठलेल्या पाण्यावरून कळले. दोन सरकारांच्या भांडणात उत्तर सापडत नव्हते, कारण ते तिसऱ्याच ठिकाणी होते.

याचे कारण भूगोलात आहे. मी आयुष्यभर तो विषय शिकवला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. घाटात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. जुलै 2021 च्या त्या दिवसांत महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पडला. पठारावर पूर्वेकडे थोडे अंतर गेले की आकडा झपाट्याने उतरतो. जिल्ह्यापुरता एक इशारा देऊन वाडीला काही कळत नाही. आपल्या उतारांवर तळाशी कठीण कातळ आणि त्यावर मुरूम-मातीचा थर असतो. दिवसचे दिवस पाऊस लागला की पाणी त्या थरात मुरते आणि कातळावर येऊन अडते. मातीचे वजन वाढते, पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून सोडवतो. अशा वेळी उताराचा पायथा रस्त्यासाठी किंवा बंगल्याच्या प्लॉटसाठी जेसीबीने उभा कापलेला असेल, किंवा माथ्यावर चर आणि खाणी असतील, तर त्या थराला धरून ठेवायला काही उरत नाही. पावसाला कोणी थांबवू शकत नाही. उतार कापायला मात्र परवानगी लागते आणि ती कोणीतरी सहीनिशी देत असते.

कोसळण्याआधी डोंगर खुणाही देतो. घराच्या वरच्या अंगाला उताराला आडवी भेग पडते आणि तिच्यात पाणी शिरताना दिसते. वर्षानुवर्षे नितळ असलेला झरा एकाएकी गढूळ होतो, किंवा नसलेल्या जागी झरा फुटतो. झाडे, विजेचे खांब कलतात. घराचे दार चौकटीत अडकू लागते. सगळ्यांत भयंकर खूण म्हणजे पाऊस जोरात असताना पऱ्याचे पाणी अचानक कमी होणे, कारण वर कुठेतरी माती येऊन ते अडलेले असते आणि ते फुटणार असते. जुन्या माणसांना यातले बरेच ठाऊक असते, पण ठाऊक असणे आणि रात्री अडीच वाजता पोरांना घेऊन घर सोडणे यांत फार अंतर आहे. ते अंतर कमी होते ते आधी शंभर वेळा ऐकलेले असले तर, आणि कुठे जायचे हे ठरलेले असले तर. हे शंभर वेळा सांगण्याची ताकद सरकारी परिपत्रकात नाही. ती तुमच्याकडे आहे.

महाड तालुक्यातच जुलै 2005 मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसे गेली होती. भूवैज्ञानिकांनी त्या भागाचा अभ्यास केला होता. सोळा वर्षांनी त्याच तालुक्यात तळीये गेले. इर्शाळवाडी गेल्यावर विधिमंडळात सांगण्यात आले की ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. या वाक्यावर तुमचा पाठलाग थांबायला नको होता. यादी कोण करते, कधी केली, वाडी-वस्ती वेगळी मोजली की महसुली गावातच धरली, उतार कोणी प्रत्यक्ष पाहिला? विधिमंडळातल्या विरोधकांनी सरकारला आणि सरकारने आधीच्या सरकारला दोष दिला, तो तुम्ही शब्दशः दाखवलात. यादी मात्र दाखवली नाहीत.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. तालुक्याचा वार्ताहर बातमीमागे मिळणाऱ्या तुटपुंज्या पैशांवर काम करतो, बहुतेकदा जाहिरातीही त्यालाच आणाव्या लागतात, आणि जिल्हा पुरवणीत डोंगरउतारावरच्या बिगरशेती प्लॉटची पानभर जाहिरात देणारा माणूस त्याच्या रोजच्या ओळखीचा असतो. अशा माणसाने एकट्याने उतार कापण्याच्या परवानग्या उकरून काढाव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून मी हे पत्र त्याला लिहीत नाही, तुम्हाला लिहितो. त्याच्या पाठीशी उभे राहायचे की नाही हे तुम्ही ठरवता.

सरकार कोणत्या पक्षाचे आहे यावर मला काही म्हणायचे नाही. अहवाल दडपला तेव्हा दिल्लीत एक आघाडी होती, पहिल्यानंतरचे सगळे मसुदे निघाले तेव्हा दुसरी. मुंबईत तर सगळ्यांनीच आलटून पालटून राज्य केले आहे. डोंगराच्या बाबतीत त्यांच्यात फारसा फरक मला दिसला नाही. म्हणूनच या विषयावर पक्षांचे प्रवक्ते समोरासमोर बसवून काही हाती लागत नाही. बसवायचेच असतील तर प्रत्येकाला आधी विचारा, अहवालातले कोणते पान, कोणती शिफारस तुम्हाला अमान्य आहे? उत्तर आले नाही तर तेही प्रेक्षकांना दिसू द्या. आणि भूवैज्ञानिकाला बोलावलेत तर त्याला दोन प्रवक्त्यांच्या मध्ये तीस सेकंद देऊ नका. नकाशा घेऊन अर्धा तास बोलू द्या. लोक ऐकतात. हे मी वर्गात पाहिले आहे आणि ग्रामसभेतही.

मे महिन्यात तुमची पाने आणि वेळ आंब्याच्या भावांना आणि मान्सूनच्या वाटचालीला जातात. त्याच महिन्यात, पोलादपूरपासून दोडामार्गपर्यंत आणि जुन्नरपासून चंदगडपर्यंत, प्रत्येक तालुक्याचे एक पान काढा. त्यावर दरडप्रवण वाड्यांची नावे, त्यांच्या वर चालू असलेल्या खाणी आणि खोदकामे, त्यांना कोणाच्या सहीने परवानगी मिळाली, आणि पाऊस वाढला तर लोकांनी कोणत्या शाळेत किंवा देवळात जायचे. हे सगळे मराठीत, मोठ्या अक्षरात, भिंतीवर लावता येईल असे. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवरचे पावसाचे आकडे जमा होतात. जून ते सप्टेंबर ते रोज छापा, वाहिनीवर खालच्या पट्टीत चालवा. जिल्ह्याचा सरासरी आकडा घाटातल्या माणसाच्या उपयोगाचा नाही. आणि दोन्ही अहवालांतल्या आपल्या तालुक्याबद्दलच्या शिफारशी क्रमशः मराठीत द्या. त्या मान्य करायच्या की नाकारायच्या हे गावांना ठरवू द्या. वाचून नाकारल्या तर माझी काही तक्रार राहणार नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातले माझे काही माजी विद्यार्थी आज शिक्षक, तलाठी, ग्रामपंचायत सदस्य आहेत. तुमच्यापैकी कोणी हे काम हाती घेतले तर वाड्यांची नावे तपासायला, उतार पाहायला, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक लावून आकडे कळवायला ते तयार आहेत. मीही आहे. संगमेश्वर तालुक्याच्या पानाचा मजकूर एप्रिल अखेरपर्यंत लिहून देतो. तो तपासून घेण्यासाठी एक भूवैज्ञानिक आणि छापण्यासाठी एक पान एवढे तुम्ही द्यावे.



आपला,
भूगोलाचा एक निवृत्त शिक्षक
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी